सीमेवरची तार बदलताना

अमेरिकेचे मिशिगन राज्य आणि कॅनडाचा ओंटारिओ प्रांत यांच्यामधून सेंट क्लेअर नदी वाहते. नदीच्या अमेरिकी बाजूला बन्स क्रीक नावाचे वीज उपकेंद्र आहे. तिथून निघालेली २३० किलोव्होल्टची एक वाहिनी नदी ओलांडते आणि पलीकडे सार्नियाच्या परिसरातल्या स्कॉट उपकेंद्रात उतरते. मार्च २००३ मध्ये या वाहिनीवरचे एक खास प्रकारचे रोहित्र निकामी झाले. त्याच्या जागी नवी रोहित्रे वापरू द्यावीत, असा अर्ज वाहिनीच्या मालक कंपनीने जानेवारी २००९ मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा खात्याकडे केला. मंजुरी आली फेब्रुवारी २०१२ मध्ये, आणि एप्रिल २०१२ मध्ये ती रोहित्रे कामाला लागली.

यातली तीन वर्षे निव्वळ परवानगीत गेली. वाहिनी जुनी, तिची जागा ठरलेली, नदीवरून जाणाऱ्या तारांना कोणी हात लावणार नव्हते. बदलायचे होते ते उपकेंद्राच्या कुंपणाच्या आतले यंत्र. त्यासाठी देशाच्या ऊर्जा खात्याची मंजुरी का लागावी, आणि तिच्यावर न्यूयॉर्कपासून पेनसिल्व्हेनियापर्यंतच्या ग्रीडचालकांनी आपापली म्हणणी का मांडावीत? या प्रकरणात सीमापार वाहिन्यांवरच्या नियमांची जी माहिती येईल, ती या प्रश्नाच्या ओघात येईल. नवी वाहिनी टाकताना नियम असणार, हे कोणालाही पटते. बदलाला नियम कशासाठी, हे मात्र विजेचा स्वभाव समजल्याशिवाय कळत नाही.

तो स्वभाव असा. मोठ्या ग्रीडमध्ये एका ठिकाणी वीज घातली आणि दुसऱ्या ठिकाणी काढली, तर ती त्या दोन ठिकाणांना जोडणाऱ्या सगळ्या वाटांनी विभागून जाते. ज्या वाटेचा अवरोध कमी तिथून जास्त, ज्या वाटेचा अवरोध जास्त तिथून थोडी, पण जाते सगळीकडून. विक्रेता आणि खरेदीदार यांनी करारात अमुक मार्ग लिहिला, म्हणून ती त्या मार्गाने जाईल असे नाही. एसी प्रवाहाच्या ग्रीडमध्ये प्रत्येक ठिकाणचा व्होल्टेज लाटेसारखा वर-खाली होत असतो, अमेरिकेत सेकंदाला ६० वेळा आणि आपल्याकडे ५० वेळा. दोन ठिकाणच्या लाटांचा वेग तोच असला तरी एक लाट दुसरीपेक्षा किंचित पुढे असते. या पुढे-मागे असण्याला कलांतर म्हणतात. वीज पुढे असलेल्या लाटेकडून मागे असलेल्या लाटेकडे वाहते, आणि कलांतर वाढले की प्रवाह वाढतो.

शेतकरी पाटाच्या पाण्याला दारे धरून हव्या त्या वाफ्यात वळवतो. एसी वाहिन्यांना तसे दार नसते. त्याच्या सर्वांत जवळ जाणारे साधन म्हणजे बन्स क्रीकला निकामी झालेले ते रोहित्र. त्याला फेज अँगल रेग्युलेटर म्हणतात. एका फेजच्या व्होल्टेजचा छोटा हिस्सा घेऊन ते दुसऱ्या फेजमध्ये मिसळते आणि लाटेला थोडे पुढे किंवा मागे सरकवते. लाट सरकली की कलांतर बदलते, कलांतर बदलले की त्या वाहिनीतला प्रवाह वाढतो किंवा कमी होतो. या वाहिनीतून जी वीज गेली नाही ती नाहीशी होत नाही. ती दुसऱ्या कोणत्या तरी वाहिनीवर जाते, आणि ती वाहिनी दुसऱ्या राज्यातली, दुसऱ्या कंपनीची किंवा दुसऱ्या देशातली असू शकते.

मिशिगन आणि ओंटारिओ यांच्यामध्ये अशा चार वाहिन्या आहेत. नकाशात त्यांच्या दक्षिणेला ईरी सरोवर दिसते. सरोवराच्या पूर्वेला न्यूयॉर्क, उत्तरेला ओंटारिओ, पश्चिमेला मिशिगन, दक्षिणेला ओहायो आणि पेनसिल्व्हेनिया. सगळ्यांची ग्रीड एकमेकांना जोडलेली, म्हणजे सरोवराभोवती विजेचे पूर्ण कडे तयार झालेले. न्यूयॉर्कहून पेनसिल्व्हेनियाला विकलेल्या विजेतला काही भाग उलट्या वाटेने, कॅनडातून फिरून, मिशिगनमार्गे खाली उतरतो. ओंटारिओने मिशिगनला विकलेल्या विजेतला काही भाग न्यूयॉर्कमार्गे वळसा घालून येतो. हा वळशाचा प्रवाह कोणाच्याही वेळापत्रकात नसतो, पण तारा मात्र त्याने तापतात. त्या कड्यावरच्या एखाद्या सीमापार वाहिनीत काहीही बदलले की कड्यावरच्या सर्वांचा हिशेब बदलतो.

बदल म्हणजे मोठे यंत्रच हवे असे नाही. ९ नोव्हेंबर १९६५ ची संध्याकाळ या बाबतीत फार शिकवून जाते. नायगारा नदीवर कॅनडाच्या बाजूला सर अॅडम बेक हे जलविद्युत केंद्र आहे. तिथून टोरांटोच्या दिशेने २३० किलोव्होल्टच्या पाच वाहिन्या जात. त्यातल्या एका वाहिनीच्या संरक्षक रिलेचे सेटिंग १९६३ मध्ये ३७५ मेगावॅटवर लावून ठेवले होते. प्रत्यक्षात वाहिनी त्याहून बरीच जास्त वीज वाहू शकत होती. दोन वर्षांत टोरांटोची मागणी वाढत गेली, वाहिनीवरचा भार वाढत गेला, सेटिंग तिथेच राहिले, आणि ते किती आहे याची ऑपरेटरांना जाणीव नव्हती. त्या संध्याकाळी पाच वाजून सोळा मिनिटांनी भार त्या आकड्याला टेकला. रिलेने आपले काम केले, वाहिनी ट्रिप झाली. तिचा भार उरलेल्या चार वाहिन्यांवर गेला आणि काही सेकंदांत त्याही ट्रिप झाल्या. टोरांटोकडे जाणारी सगळी वीज आता एकच वाट शोधू शकत होती, ती सीमा ओलांडून न्यूयॉर्क राज्यात. तिथली ग्रीड तो धक्का पेलू शकली नाही. ईशान्य अमेरिका आणि ओंटारिओतले मिळून सुमारे तीन कोटी लोक अंधारात गेले. काही भागांत वीज परतायला तेरा तास लागले.

सीमेवरच्या तारेला कोणी हात लावला नव्हता. दोष यांत्रिकही नव्हता, रिले ठणठणीत होता. एका देशातल्या एका खोलीतला आकडा आणि त्या देशातली वाढती मागणी यांची सांगड घालायची राहून गेली, आणि तिची किंमत शेजारच्या देशानेही मोजली. म्हणून सीमापार वाहिनीच्या नियमात ‘बांधकामातला बदल’ एवढेच लिहून भागत नाही. वाहिनी कशी वापरली जाते, तिच्यातून किती वीज जाते, तिचे संरक्षण कसे लावले आहे, याही गोष्टी त्यात याव्या लागतात.

अमेरिकेत ही समज एकदम आली नाही. नियमनाची सुरुवात तारांच्या चिंतेतून झालीच नाही, ती धबधब्याच्या चिंतेतून झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी नायगाराच्या कॅनडाकडील काठावर वीजकेंद्रे उभी राहत होती आणि त्यांची बरीचशी वीज अमेरिकेतले कारखाने विकत घेत होते. वीज जितकी जास्त, तितके धबधब्याचे पाणी कमी. १९०६ च्या बर्टन कायद्याने अमेरिकेने आपल्या बाजूने पाणी वळवण्यावर मर्यादा घातली आणि कॅनडातून येणाऱ्या विजेवरही १,६०,००० अश्वशक्तीची कमाल मर्यादा बसवली. परवाने देण्याचा अधिकार होता युद्धमंत्र्यांकडे. पुढच्याच वर्षी कॅनडाने वीजनिर्यातीला परवाना सक्तीचा करणारा कायदा केला. कॅनडाची भीती वेगळी होती. एकदा शेजाऱ्याचे कारखाने आपल्या विजेवर उभे राहिले की ती परत मागणे अवघड जाईल, असे तिथल्या लोकांना वाटे. तार एकच होती, पण दोन्ही देश तिच्याकडे दोन वेगळ्या काळज्यांनी पाहत होते. आजही तसेच असते.

सध्याची अमेरिकी पद्धत ३ सप्टेंबर १९५३ ला अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी काढलेल्या १०४८५ क्रमांकाच्या आदेशावर उभी आहे. सीमा ओलांडणारी वीजवाहिनी उभारायची, जोडायची, चालवायची किंवा राखायची असेल तर ‘अध्यक्षीय परवाना’ हवा. संसदेने केलेला वेगळा कायदा यामागे नाही. परराष्ट्र संबंधांची धुरा अध्यक्षांकडे असते, त्या अधिकारातून हा आदेश आला. आधी परवाना देण्याचे काम फेडरल पॉवर कमिशनकडे होते. ऊर्जा खाते स्थापन झाल्यावर फेब्रुवारी १९७८ मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी दुसऱ्या आदेशाने ते त्या खात्याकडे दिले. परराष्ट्रमंत्री आणि संरक्षणमंत्री या दोघांचीही सहमती लागते. त्यांचे जुळले नाही तर फाइल थेट अध्यक्षांपुढे जाते. अर्जाची फी आहे अवघी १५० डॉलर.

फी किरकोळ असली तरी अर्जात जे मागितले जाते ते किरकोळ नाही. वाहिनी १३८ किलोव्होल्ट किंवा त्याहून जास्त दाबाची असेल तर ती असताना आणि नसताना ग्रीडमधला प्रवाह कसा असेल, हे उन्हाळ्यातल्या जड भाराच्या आणि वसंतातल्या हलक्या भाराच्या वेळेसाठी वेगवेगळे दाखवावे लागते. रिलेच्या संरक्षणाची रचना सांगावी लागते. रेडिओ-टीव्हीच्या प्रक्षेपणात व्यत्यय येऊ नये म्हणून काय केले, तेही लिहावे लागते. खाते दोन गोष्टी प्रामुख्याने तपासते. एक, पर्यावरणावर होणारा परिणाम. दुसरी, नेहमीच्या स्थितीत आणि एखादी मोठी वाहिनी किंवा केंद्र अचानक बंद पडले तर देशाच्या ग्रीडचा भरवसा टिकतो का. अर्जाची जाहीर सूचना निघते, आणि ज्याला वाटेल त्याला हरकत घेता येते, पक्षकार होता येते.

बदलाचा मुद्दा परवान्याच्या अटींमध्ये आहे. या परवान्यांमध्ये साधारण एकाच धाटणीचे एक कलम असते. परवान्यात नमूद केलेल्या साधनसामग्रीत, तिच्या मंजूर वापरात किंवा ती चालवण्याच्या पद्धतीत ऊर्जा खात्याच्या मंजुरीशिवाय कोणताही बदल करू नये, असे ते सांगते. चालवण्याची पद्धत हे शब्द त्यात आहेत, हे मला या सगळ्या नियमावलीतले सर्वांत मोलाचे वाटते. खांब, तारा आणि रोहित्रे मोजणे सोपे असते. १९६५ चा धडा मात्र वापराचा होता, आणि तो पकडणारे शब्द या कलमात आहेत. याशिवाय परवाना दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. वाहिनी विकायची असेल तर विकणारा आणि घेणारा यांनी मिळून अर्ज करायचा आणि नव्या मालकाच्या नावे नवी मंजुरी घ्यायची. डेट्रॉइट एडिसन या जुन्या वीज कंपनीने आपले पारेषणाचे जाळे वेगळ्या कंपनीत काढले आणि २००३ मध्ये ती कंपनी गुंतवणूकदारांना विकली, तेव्हा सेंट क्लेअर नदीवरच्या वाहिन्यांचे परवानेही बदलावे लागले. हीच ती बन्स क्रीकची मालक कंपनी, इंटरनॅशनल ट्रान्समिशन. तिचा परवाना पीपी-२३० क्रमांकाचा. बदल मंजूर झाला की त्याच क्रमांकापुढे जोड-आकडा येतो. नव्या रोहित्रांना मंजुरी देणारा परवाना पीपी-२३०-४ होता. एका वाहिनीचा सगळा इतिहास अशा जोड-आकड्यांतून वाचता येतो.

तर मग ती तीन वर्षे कशात गेली?

रोहित्र निकामी झाल्यापासून अर्ज येईपर्यंतच्या काळात दोन मोठ्या घटना घडल्या होत्या. १४ ऑगस्ट २००३ ला ओहायोत ३४५ किलोव्होल्टच्या वाहिन्या झाडांना टेकून एकामागून एक ट्रिप झाल्या, आणि नियंत्रण कक्षातली अलार्मची यंत्रणा बंद पडल्याने हे ऑपरेटरांच्या लक्षात आले नाही. क्लीव्हलंडचा भाग पूर्वेकडून तुटला तेव्हा हजारो मेगावॅट वीज काही क्षणांत ईरी सरोवराला उलटी फेरी घालून, न्यूयॉर्क आणि ओंटारिओतून मिशिगनकडे धावली. सीमेवरच्या त्याच वाहिन्यांवरून. सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली. बन्स क्रीकचे रोहित्र त्याआधी पाच महिने बंद पडलेले होते. ते चालू असते तर अनर्थ टळला असता, असे मात्र म्हणता येणार नाही. अशा रोहित्राचे टॅप, म्हणजे लाट किती सरकवायची ते ठरवणारे खटके, एकेक पायरीने सरकतात, आणि तो धक्का काही सेकंदांचा होता.

दुसरी घटना २००८ ची, बिनधोक्याची पण खर्चाची. काही वीज-व्यापारी न्यूयॉर्कमधली वीज पेनसिल्व्हेनियाच्या बाजारात विकताना करारात मार्ग लिहीत होते तो ओंटारिओ आणि मिशिगनमधून वळसा घेणारा, कारण कागदावर तो स्वस्त पडत होता. वीज मात्र बहुतांश थेट सरोवराच्या दक्षिणेकडून जात होती. त्यामुळे न्यूयॉर्कच्या वाहिन्यांवर कोंडी झाली, आणि कोंडी सोडवण्याचा खर्च तिथल्या ग्राहकांच्या बिलात गेला. जुलै २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रीडचालकाने असे आठ वळशाचे मार्ग बंद केले. तपासात नियमभंग आढळला नाही. नियमच अशा व्यवहाराला मोकळे होते.

या पार्श्वभूमीवर बन्स क्रीकचा अर्ज आला. नवी दोन रोहित्रे एकामागे एक जोडलेली. ओंटारिओच्या बाजूला उरलेल्या तीन वाहिन्यांवरही अशीच यंत्रे होती. चारही मिळून चालवली की सीमेवरचा प्रत्यक्ष प्रवाह कराराच्या प्रवाहाच्या जवळ आणता येणार होता, सुमारे ६०० मेगावॅटपर्यंतचा वळसा आवरता येणार होता. मिशिगनसाठी हे चांगलेच होते. पण मिशिगनमधून जो वळसा जाणार नाही, तो जाणार कुठून? यंत्राचे टॅप कोण हलवणार, कोणाच्या सांगण्यावरून, आणीबाणीत आधी कोणाची गरज पाहायची? रोहित्र बदलण्यावर फारसा वाद नव्हता. सगळा वाद ते चालवण्याच्या पद्धतीवर होता. अमेरिकेच्या मध्यभागाचा ग्रीडचालक आणि ओंटारिओचा ग्रीडचालक यांच्यात कार्यपद्धती ठरावी लागली, आणि परवान्याने रोहित्रांचा वापर त्या ठरलेल्या पद्धतीशी बांधला.

तीन वर्षे जास्त होती, यात शंका नाही. पण हे प्रश्न विचारलेच नसते तर ते रोहित्र सुरू झाल्यावर कधीतरी, बहुधा अडचणीच्या वेळी, विचारले गेले असते. माझ्या मते चूक प्रश्न विचारण्यात नव्हती, ते एकत्र बसून लवकर सोडवण्याची जागा नसण्यात होती. ऊर्जा खात्याकडे परवाना, दरांचा अधिकार वेगळ्या आयोगाकडे, पलीकडच्या देशाचा नियामक वेगळा. खर्चाचा वाद तर परवान्यानंतरही चालू राहिला. वळशाचा प्रवाह तुमच्यामुळेही होतो आणि रोहित्रांचा फायदा तुम्हालाही होतो, तेव्हा न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनियाच्या बाजूच्या ग्राहकांनी खर्चात वाटा उचलावा, अशी मागणी मिशिगनच्या बाजूने झाली होती. संघीय ऊर्जा नियामक आयोगाने २०१६ मध्ये ती नाकारली. ज्यांच्याशी तसा करार झालेला नाही त्यांच्यावर खर्च लादता येणार नाही, असा त्या निर्णयाचा रोख होता. परवान्याच्या वेळी सर्वांना बोलावले, बिलाच्या वेळी मात्र ते सुटले. शेजाऱ्यांच्या हिताचे काम एकट्याने अंगावर घ्यायला पुढच्या वेळी कोणती कंपनी तयार होईल, ही चिंता मला रास्त वाटते.

सगळ्याच सीमापार वाहिन्या इतक्या गुंतागुंतीच्या नसतात. कॅनडाच्या क्विबेक प्रांताची ग्रीड शेजाऱ्यांशी एका लयीत चालत नाही. तिथून येणारी वीज डीसीत रूपांतरित होऊन येते, आणि डीसी वाहिनीतून किती वीज जावी ते दोन्ही टोकांची यंत्रे ठरवतात. वळशाचा प्रश्न तिथे उद्भवत नाही. आपल्याकडे भद्रावतीच्या केंद्रात हेच तंत्र पश्चिम आणि दक्षिण ग्रीडच्या मधे वापरले जात होते. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर या ७६५ किलोव्होल्ट वाहिनीमुळे दक्षिण ग्रीड देशाच्या ग्रीडशी एका लयीत आली, तोवर दक्षिणेकडे वीज पोचवायला असेच दुवे हाताशी होते.

डीसीने एक प्रश्न मिटतो, दुसरा राहतो. क्विबेक आणि न्यू इंग्लंड यांच्यातली वाहिनी १९८६ मध्ये ६९० मेगावॅटने सुरू झाली आणि १९९० च्या दशकाच्या आरंभी २,००० मेगावॅटपर्यंत वाढवली गेली. आज तिच्यातून कित्येकदा सुमारे १,४०० मेगावॅटच्या आसपासच वीज घेतली जाते. एवढी मोठी वाहिनी एकाएकी बंद पडली तर तिची उणीव भरायला न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनियाच्या वाहिन्यांवर ताण येतो, म्हणून त्यांच्या त्या दिवशीच्या स्थितीवर हिची मर्यादा ठरते. क्षमतावाढीची परवानगी मिळणे आणि ती क्षमता वापरता येणे यात इतके अंतर असू शकते.

मेक्सिकोच्या सीमेवर नियमाची आणखी एक बाजू कॅलिफोर्नियातल्या संघीय न्यायालयाने २००३ मध्ये उघड केली. मेहिकाली शहराजवळ उभ्या राहणाऱ्या गॅसवरच्या वीजकेंद्रांतून कॅलिफोर्नियात वीज आणण्यासाठी दोन वाहिन्यांना परवाने दिले होते. अमेरिकेच्या हद्दीतली त्यांची लांबी दहा किलोमीटरच्या आसपास. पर्यावरणाचा अभ्यास तेवढ्याच वाळवंटी पट्ट्यापुरता उरकला होता. पलीकडच्या केंद्रांचा धूर सीमा ओलांडून येतो आणि त्यांनी वापरलेल्या पाण्याचा परिणाम इकडच्या सॉल्टन सरोवरापर्यंत पोचतो, हे त्या अभ्यासात पुरेसे धरले नाही. न्यायालयाने तो अभ्यास अपुरा ठरवला आणि ऊर्जा खात्याला सविस्तर अभ्यास नव्याने करावा लागला.

या सगळ्याला कंटाळलेले लोक आहेत, आणि त्यांचा कंटाळा खरा आहे. अमेरिकी प्रतिनिधिगृहाने २०१४ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये अशी विधेयके मंजूर केली, की सीमापार तेलवाहिन्या, वायुवाहिन्या आणि वीजवाहिन्यांसाठी अध्यक्षीय परवान्याऐवजी ठरावीक मुदतीत मिळणारे साधे प्रमाणपत्र असावे. ज्या वाहिन्या आधीच चालू आहेत त्यांच्यातल्या बदलांना तर परवानगीच लागू नये. दोन्ही विधेयके कायदा बनली नाहीत. मुदत घालण्याची कल्पना मला पटते. तीन वर्षांऐवजी सहा महिन्यांत उत्तर द्यायला खात्याला भाग पाडले तर चांगलेच. पण चालू वाहिनीतला बदल सरसकट मोकळा सोडणे धोक्याचे. तेलाची नळी मोठी केली तर जास्त तेल त्या नळीतूनच जाते. वीजवाहिनीचे तसे नाही. एकाच विधेयकात दोघींना बसवणाऱ्यांनी हा फरक धरला नव्हता.

मंजुरी न घेता होणारे बदलही असतात, आणि त्यांच्यापुढे तांत्रिक परवाना हतबल असतो. मार्च २०२५ मध्ये आयातकराच्या वादात ओंटारिओने मिशिगन, न्यूयॉर्क आणि मिनेसोटाला जाणाऱ्या विजेवर २५ टक्के अधिभार लावला. तिन्ही राज्यांत मिळून सुमारे १५ लाख ग्राहकांना त्याची झळ बसणार होती. दुसऱ्याच दिवशी तो स्थगित झाला. तारा, रोहित्रे, टॅप यांतले काहीही हलले नव्हते.

दक्षिण आशियात ही सगळी गोष्ट फार कमी वर्षांत, आणि आपल्या डोळ्यांदेखत घडते आहे. बिहारमधले मुझफ्फरपूर आणि नेपाळमधले ढल्केबर यांना जोडणारी वाहिनी ४०० किलोव्होल्टसाठी बांधली, पण फेब्रुवारी २०१६ मध्ये ती १३२ किलोव्होल्टवर चालू केली, कारण ढल्केबरचे मोठे उपकेंद्र तयार नव्हते. सुरुवातीला तिच्यातून नेपाळला ८० मेगावॅट मिळू लागले. पुढे ती २२० वर आणि मग ४०० किलोव्होल्टवर नेली. मनोरे तेच, तारा त्याच, बदल दोन टोकांच्या उपकेंद्रांत. तरीही ती आता वेगळीच वाहिनी आहे. नेपाळ तिच्यातून वीज घेत होता, आज पावसाळ्यात तो तिच्यातून भारताला वीज विकतो. त्रिपुरातल्या सूर्यमणिनगरहून बांगलादेशातल्या कुमिल्याला जाणारी वाहिनीही अशीच ४०० किलोव्होल्टची बांधून कमी दाबावर सुरू केली. तिथे कुमिल्याच्या बाजूचा काही भाग बांगलादेशाच्या ग्रीडपासून वेगळा काढून भारताच्या लयीत चालवतात. प्रवाह वाढवायचा तर पलीकडच्या देशात आणखी किती भाग वेगळा काढायचा, हा निर्णय आधी घ्यावा लागतो.

भारताने सीमापार विजेसाठी डिसेंबर २०१८ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली, केंद्रीय वीज नियामक आयोगाने २०१९ मध्ये विनियम केले, आणि मंजुरीचे तांत्रिक काम केंद्रीय विद्युत प्राधिकरणाकडे दिले. झारखंडमधल्या गोड्डा इथले १,६०० मेगावॅटचे कोळशावरचे केंद्र या चौकटीत एक वेगळे प्रकरण होते. ते भारतात उभे, पण स्वतंत्र वाहिनीने फक्त बांगलादेशाला जोडलेले. त्याची दोन्ही युनिटे २०२३ मध्ये चालू झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यात सत्तांतर झाल्यानंतर काही दिवसांतच भारताच्या ऊर्जा मंत्रालयाने २०१८ च्या तत्त्वांत दुरुस्ती केली. खरेदीदार देश दीर्घकाळ पूर्ण वीज उचलत नसेल किंवा पैसे थकवत असेल, तर अशा केंद्राला भारतीय ग्रीडशी जोडून वीज देशात विकता येईल, असे तिने ठरवले. केंद्राच्या मालकाला हा दिलासा होता. वाहिनीच्या दृष्टीने हा चालवण्याच्या पद्धतीतला मूलभूत बदल आहे. बांगलादेशाची ग्रीड आणि भारताची ग्रीड एका लयीत चालत नाहीत. एकच केंद्र त्या दोघींना आलटून-पालटून जोडायचे, तर कोणते युनिट कधी कुठे जाईल, संरक्षण कसे लावले जाईल, अचानक एका बाजूने तुटले तर दुसऱ्या बाजूला काय होईल, हे सगळे आधी ठरलेले लागेल. त्या दुरुस्तीचे स्वरूप आर्थिक संरक्षणाचे आहे. तांत्रिक बाजूचा तेवढाच जाहीर विचार मला तिथे हवा होता.

आता यात तिसरा देश आला आहे. ३ ऑक्टोबर २०२४ ला काठमांडूत नेपाळचे विद्युत प्राधिकरण, बांगलादेशाचे वीज विकास मंडळ आणि भारताची एनटीपीसी विद्युत व्यापार निगम यांनी करार केला. पावसाळ्याच्या पाच महिन्यांत नेपाळची ४० मेगावॅट वीज भारताच्या ग्रीडमधून बांगलादेशाला जायची. १५ नोव्हेंबरला ती पहिल्यांदा गेली. ढल्केबर-मुझफ्फरपूर वाहिनीने ती भारतात येते आणि पश्चिम बंगालमधल्या बहरमपूरहून बांगलादेशातल्या भेरामाऱ्याच्या डीसी केंद्रात जाते. मधल्या भागात ती भारतीय ग्रीडच्या कोणत्या तारांतून जाते हे कोणी सांगू शकत नाही, आणि सांगण्याची गरजही नाही. पण यापुढे ढल्केबरला एखादे रोहित्र वाढवायचे ठरले किंवा भेरामाऱ्याच्या केंद्राची मर्यादा बदलली, तर त्यावर बोलण्याचा हक्क दोन नव्हे, तीन देशांना आहे. तिघांनी एकत्र बसून ते बोलावे अशी कायमची जागा अजून बांधायची आहे, आणि ४० मेगावॅटवर असतानाच ती बांधणे सोपे जाईल.